सर्वांत संथ माणसाची चाल

त्या मंगळवारपर्यंत शर्वरी खटावकरने श्रीनिवास खरवंडीकरांना समोरासमोर एकदाच पाहिलं होतं, चौकशी समितीपुढे. त्याला बारा वर्षं झाली. तिने ती एकेक करून मोजली होती आणि खरवंडीकर ती साफ विसरून गेले होते.

"नमस्कार मॅडम," असं म्हणत त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून बेताबेताने बसले. वय एकाहत्तर, पांढरा झब्बा, गळ्यात चष्म्याची दोरी. शहरातल्या निम्म्या मोठ्या इमारतींच्या नकाशांवर या वास्तुविशारदाची सही होती. "माझी फाईल तुमच्याकडे आलीय म्हणे. 'उत्तुंग'ची."

शर्वरीने नुसती मान हलवली.

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे. तुम्ही अर्थ लावून सही केलीत की पुढच्या शुक्रवारी उद्घाटन." ते प्रसन्न हसले. जुनी तेलगिरणी विकत घेऊन तिचं त्यांनी चार मजली व्यापारी संकुल केलं होतं. खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि चौथ्या मजल्यावर स्वतःसाठी काचेचा स्टुडिओ. "तिथून नदीचं वळण दिसतं हो. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी इमारती बांधल्या. आता मरेपर्यंत तिथे बसून काम करायचं, एवढीच इच्छा राहिलीय."

काम करायचं तर हेरंबलाही होतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"तुम्ही नवी माणसं संहिता फार शब्दशः घेता," ते पुढे म्हणाले. "मी चाळीस वर्षं नियम वाचतोय. इमारत शेवटी सरासरी माणसासाठी असते, मॅडम. एवढं लक्षात ठेवलं की सगळे अर्थ आपोआप लागतात."

हेच वाक्य. बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यांनी याच समजावणीच्या सुरात उच्चारलं होतं आणि समितीतल्या तिघांनी माना डोलावल्या होत्या. शर्वरीने त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. काही आठवतंय का, एखादी रेघ तरी हलतेय का? काही नाही. ते काठी शोधत होते.

हेरंब पतंगे तिचा नवरा; लग्नानंतरही तिने माहेरचंच आडनाव ठेवलं होतं. पोलिओने डावा पाय लहानपणीच गेलेला. एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तो मुलांना ड्रॉइंग शिकवायचा. त्या इमारतीचे वास्तुविशारद खरवंडीकर होते. पावसाळा संपता संपता तिथे खालच्या गोदामात आग लागली. वर्गातली तेवीस माणसं बाहेर पडली. मुलांना पुढे घालून शेवटी निघालेला हेरंब जिन्याच्या दारापासून साडेपाच मीटरवर सापडला.

त्या काळी नकाशा तपासताना दोरा टाकायची रीत होती. खोलीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून जिन्याच्या दारापर्यंत माणूस जसा चालेल तसा नकाशावर दोरा ठेवायचा, मग तो उचलून पट्टीवर मोजायचा. तीस मीटरच्या आत बसला की मंजुरी. हेरंबच्या वर्गाचा दोरा सत्तावीस मीटर भरला होता, कारण नकाशात ती खोली रिकामी होती. फर्निचर भाडेकरूचं, ते आपल्या नकाशात काढायचं नाही, हा या धंद्यातला जुना रिवाज. तपासणारेही रिकाम्या खोलीवरच दोरा टाकायचे, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे. प्रत्यक्षात वर्गात चौदा लांबलचक टेबलं होती. त्या टेबलांची मांडणीही खरवंडीकरांच्याच ऑफिसने काढून दिली होती, वेगळ्या कागदावर. दोन्ही कागदांवर सही एकच. दोन्ही कागद एकावर एक ठेवून पाहायचे कष्ट तेवढे कुणी घेतले नाहीत.

"मार्ग नियमात बसत होता," खरवंडीकर समितीला म्हणाले होते. "इमारत सरासरी माणसासाठी असते. सरासरी माणूस वाचला असता. वाचलेच की तेवीस जण."

अहवालात मग तसंच आलं: मयत व्यक्ती सरासरीपेक्षा संथ होती. शर्वरीने घरी येऊन सासूच्या रिळातला लाल दोरा घेतला, टेबलांना वळसे घालत नकाशावर टाकला आणि मोजला. अडतीस मीटर. हेरंबच्या चालीने तिने हिशोब केला. त्याला नऊ सेकंद कमी पडले होते. रिकाम्या खोलीतून तो नऊ सेकंद राखून बाहेर आला असता. त्या दिवशी तिने आपली शाळेतली नोकरी सोडली आणि इमारतींचे नियम शिकायला सुरुवात केली. लोक म्हणाले, दुःखातून बाहेर पडायला बरं. दुःखातून बाहेर पडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तिला तो माणूस हवा होता.

तशा आणखी काही आगी झाल्या आणि २०३८ साली नवी संहिता आली. तिच्यासोबत आलं 'चालवेध'.

चालवेधमागचं विज्ञान तसं घरगुती आहे. जिन्यावर पाय वाजले की आपण आतून ओळखतो, बाबा आले, काकू आल्या. प्रत्येकाचं पाऊल जमिनीला वेगळा धक्का देतं. चालवेध हेच करतं. खांबांच्या बुडाशी काडेपेटीएवढे कंपनमापक बसवलेले असतात. स्लॅबमधून येणारी बारीक थरथर ते टिपतात आणि त्यावरून किती माणसं, कुठे, कुठल्या वेगाने चालतात ते काढतात. यंत्राला कुणाचं नाव कळत नाही, चेहरा दिसत नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे एक चाल आणि तिला दिलेला एक क्रमांक.

दुसरा भाग धुराचा. आगीत माणसं बहुधा जळून मरत नाहीत, धुराने मरतात. धूर आधी छताला साचतो आणि मग खाली खाली उतरत डोक्याच्या उंचीवर येतो. खोलीचा आकार, सामान, खिडक्या पाहून त्याला किती सेकंद लागतील ते यंत्र सांगतं. हा मिळणारा वेळ. भोंगा ऐकून उठायला तीस सेकंद धरायचे आणि पुढचं अंतर खऱ्या टेबलखुर्च्यांना वळसा घालून चालायचं. हा लागणारा वेळ. लागणारा वेळ मिळणाऱ्यापेक्षा जास्त झाला की इमारत नापास. आणि चाल कुणाची धरायची? कलम एकोणीस सांगत होतं: इमारतीचा नियमित वापर करणाऱ्या व्यक्तींपैकी सर्वांत संथ व्यक्तीची.

गणित यंत्राचं, पण शब्दांचा अर्थ माणसाने लावायचा. त्यासाठी सरकारने अन्वयक नेमले होते. शर्वरी त्यांतली एक. मात्र एक मेख होती. पूर्वी एकाच नियमाचा अर्थ बड्या बिल्डरला एक आणि गल्लीतल्या दुकानदाराला दुसरा लागायचा. ते बंद करायला कायद्याने ठरवलं, की अन्वयकाने एकदा लावलेला अर्थ चालवेध त्याच मिनिटाला शहरातल्या सगळ्या व्यापारी इमारतींना लावील. कुणा एकट्यासाठी अर्थ लावता येणार नाही. कुणा एकट्याविरुद्धही नाही.

फाईल पाळीने तिच्याकडे आली होती. सोबतच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: अर्जदाराशी नातं आहे काय? तिने 'नाही' लिहिलं. फॉर्ममध्ये नातं विचारलं होतं, वैर विचारलं नव्हतं.

बुधवारी ती 'उत्तुंग'वर गेली. महिनाभराच्या चाचणी-वापरात यंत्राने एक्केचाळीस चाली टिपल्या होत्या. चाळीस व्यवस्थित पास. एक चाल सेकंदाला बेचाळीस सेंटिमीटर, चौथ्या मजल्यावर, रोज सकाळी दहा ते पाच. स्टुडिओ मागच्या टोकाला, तिथून जिन्याचं दार बेचाळीस मीटर. शंभर सेकंद चालायला, तीस उठायला. धूर देत होता एकशे नऊ. एकवीस सेकंद कमी.

कंपनांचा आवाज करून ऐकायची सोय यंत्रात होती. तिने कानाला लावलं. एक जड पाऊल, एक ओढलेलं. हेरंब असाच चालायचा. मग तिसरा ठोका आला, कोरडा. लाकडाचा.

"ही चाल कुणाची?" तिने साइटवरच्या मोमीन सुपरवायझरला विचारलं.

"साहेबांची की," मोमीन म्हणाला. "खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून असंच चालतात. तुम्हाला म्हणून सांगतो, उंबऱ्यातसुद्धा अडखळतात. पण कबूल नाही करत. मी म्हटलं, साहेब, खाली बसा. तर म्हणाले, मालक आहे मी, वॉचमन नाही."

शर्वरी जिन्यातच हसली. बारा वर्षांत असं मनापासून हसू तिला आलं नव्हतं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

खरवंडीकरांचं म्हणणं फाईलमध्ये सुबक टाईप केलेलं होतं. वापर करणारे म्हणजे भाडेकरू, त्यांचे नोकर, गिऱ्हाईकं. मालक हा मालक असतो, त्याला वापर करणारा म्हणता येणार नाही. आजवर शहरात कुणीच मालकाची चाल धरली नव्हती, हेही खरं होतं. तिला फक्त उलट अर्थ लावायचा होता. मालकाचाही श्वास धुराने कोंडतो, एवढं एक वाक्य पुरे होतं. इमारत मग दोन प्रकारे पास होऊ शकत होती. एक, मागच्या बाजूने दुसरा जिना काढायचा, म्हणजे स्टुडिओ पाडायचा. दोन, त्या एका चालीला तळमजल्यापुरता वापर द्यायचा. मग ते पाऊल लिफ्टमध्ये असेपर्यंत ती हलणार नाही, आणि जिन्याने ते पहिल्या मजल्यावर पोचलं तर इमारतीचा परवाना स्थगित.

हा अर्थ बरोबर होता, हे शर्वरीचं नशीब. चुकीचा असता तरी तिने तो लावला असता.

आदेशाआधी परिणामांची यादी काढावी लागते. तिने बटण दाबलं. तीनशे अठरा इमारतींमध्ये बदल होणार होता. बहुतेक जुन्या पेठेतल्या, जिथे म्हातारे मालक वरच्या माळ्यावर बसतात अशा. ती यादी खाली सरकवत गेली आणि एकशे साठाव्या ओळीवर तिचा हात थांबला.

पतंगे ब्लाउज हाऊस. माळा. चाल सेकंदाला अडतीस सेंटिमीटर. मिळणारा वेळ अठ्ठावन्न सेकंद, लागणारा शहात्तर.

जिजी. तिची सासू, हेरंबची आई. दुकानाची मालकीण असल्यामुळेच आजवर तिची चाल कुणी हिशोबात धरली नव्हती.

चौदा पायऱ्या चढून शर्वरी माळ्यावर गेली तेव्हा जिजी खिडकीशी मशीनवर बसली होती. बेचाळीस वर्षं ती याच खिडकीशी बसत होती. नवरा गेला तेव्हा इथेच बसली, आणि हेरंबचे दिवस झाल्यावर चौदाव्या दिवशीही इथेच येऊन बसली. या खिडकीतून पेठेतली सगळी वर्दळ दिसायची आणि दिवे लागेपर्यंत सुई ओवता यायची.

"अशी भरदुपारी कशी गं आलीस?" जिजीने पाय न थांबवता विचारलं. "तोंड का उतरलंय?"

शर्वरीने सगळं सांगितलं. खरवंडीकरांचं नाव निघालं तशी मशीन थांबली.

"त्यानं ओळखलं तुला?"

"नाही."

"हेरंबचं नाव काढलं?"

"नाही, जिजी. तेच वाक्य मात्र म्हणाले. सरासरी माणसासाठी."

जिजीने कात्री उचलली, दोरा कापला आणि कापड बाजूला ठेवलं.

"मी दुसऱ्या कुणाकडे देते फाईल," शर्वरी म्हणाली. आपण हे खरंच म्हणतोय का, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "तो काय ठरवेल ते ठरवेल. तुम्हाला इथून उठवायचं माझ्यानं होणार नाही. खाली दाराशी उजेड नाही, धूळ आहे. तुमचं निम्मं आयुष्य..."

"माझं आयुष्य मला शिकवू नगंस," जिजी एकदम कडाडली. "माझं पोरगं संथ होतं म्हणून मेलं, असं सरकारी कागदावर लिवून घेतलं त्या माणसानं. संथ होतं! आईच्या तोंडावर! बारा वर्सं मी हितं बसून त्याचं वाईट चिंतलंय. रोज. देवापुढं दिवा लावतानासुद्धा. आणि आज देवानं ताटात वाढलं, तर तू माझ्या खिडकीचं कौतुक सांगतीस व्हय?"

"पण तुम्ही..."

"मी खाली बसते. त्याला वर बसू देऊ नगंस." तिने मशीनवर कापड झाकलं. "लाव अर्थ."

मग ती उठली आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागली. शर्वरी पुढे होऊन हात द्यायला गेली तर तिने तो झिडकारला. शर्वरी नाइलाजाने मागून उतरत राहिली आणि नको नको म्हणताना मनात सेकंद मोजत राहिली. यंत्र चुकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिने आदेशावर सही केली. अकरा वाजून एका मिनिटाने तो शहरभर लागू झाला.

त्या आठवड्यात, जिजी सोडून, तीनशे सतरा म्हाताऱ्यांनी शर्वरीच्या नावाने बोटं मोडली. पेढीवरचे, भांड्याच्या दुकानातले, औषधाच्या गोदामातले, सगळे जन्मभर वर बसून हुकूम सोडलेले लोक नोकरांच्या रांगेत खाली येऊन बसले. शेजारच्या सराफांनी तर तिला बघून तोंड फिरवलं. काहींच्या मुलांनी मात्र गुपचूप मिठाई पाठवली. बापाला खाली उतरवायचं धाडस त्यांना इतकी वर्षं झालं नव्हतं. शर्वरीने ती मिठाई खाल्ली नाही आणि शिव्याही मनाला लावून घेतल्या नाहीत. हे लोक वाटेत आले होते, आणि तिची वाट बारा वर्षं आधीच आखलेली होती. याची तिला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटली.

खरवंडीकर सोमवारी आले. यावेळी प्रसन्न वगैरे काही नव्हते.

"हा काय पोरखेळ आहे? मी अपील करीन!"

"करा. निकाल लागेपर्यंत आदेश लागू राहतो."

"किती दिवस?"

"दीड-दोन वर्षं लागतात."

ते खुर्चीत बसले. "मॅडम, ती जागा मी स्वतःसाठी... मी एकाहत्तरचा आहे. दोन वर्षं कुठली काढतोय?" त्यांचा आवाज खाली आला. "थोडं समजून घ्या. नियम असा एका माणसावरून ठरवत नाहीत. सरासरी धरली तर..."

"सरासरी माणूस पास झालाय, सर. 'उत्तुंग'मधले चाळीस जण पास आहेत. तुम्ही तेवढे संथ आहात."

आता तरी. तिने वाट पाहिली. खरवंडीकरांच्या कपाळावर आठी पडली, जणू कुठेतरी ऐकलेलं गाणं आठवत नव्हतं.

"माझ्याशी तुमचं काही वैर आहे का?" त्यांनी विचारलं.

"तो रकाना फॉर्ममध्ये नाही," शर्वरी म्हणाली आणि तिने पुढची फाईल उघडली.

स्टुडिओ पाडायचा की आपण खाली राहायचं, यांतलं खरवंडीकरांनी दुसरं निवडलं. स्वतःचं शेवटचं काम पाडायला कुठल्याही वास्तुविशारदाचा हात धजला नसता, हे शर्वरीला आधीच ठाऊक होतं. तिने त्यावरच भिस्त ठेवली होती.

शुक्रवारी जिजीने ठेवणीतली जांभळी इरकल काढली. "मला ने तिथं," एवढंच म्हणाली.

'उत्तुंग'च्या तळमजल्यावर झेंडूच्या माळा होत्या, अत्तराचा वास होता. पाहुणे लिफ्टने वर जात होते. फीत चौथ्या मजल्यावर कापायची होती. शर्वरी आणि जिजी दारातून आत आल्या तेव्हा खरवंडीकर लिफ्टमध्ये उभे होते. सोबत सात-आठ प्रतिष्ठित मंडळी. लिफ्टचं दार उघडंच. कुणीतरी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आदेश त्यांना माहीत होता, तरी आजच्या दिवस यंत्र चुकेल अशी त्यांना आशा असावी. एक जण चुळबुळला, एकाने घड्याळ पाहिलं. शेवटी खरवंडीकर काठी टेकत बाहेर आले. दार लगेच मिटलं आणि लिफ्ट सुळकन वर गेली.

दाराजवळ पाहुण्यांसाठी कोच होता. ते त्यावर बसले. वरून सनईची रेकॉर्ड ऐकू येऊ लागली, मग टाळ्या. खरवंडीकर छताकडे बघत राहिले.

जिजी सावकाश चालत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. शर्वरी कोचाच्या मागे, त्यांच्या नजरेआड उभी राहिली.

"तुम्ही वर नाही गेलात?" खरवंडीकरांनी सवयीच्या अगत्याने विचारलं.

"मी पण खालचीच," जिजी म्हणाली. "माझंबी दुकान आहे पेठेत. बेचाळीस वर्सं माळ्यावर बसले. ह्या आदेशानं मला पण उतरवलं."

"अरेरे!" त्यांना एकदम सोबत मिळाल्यासारखं झालं. "बघा ना. काय दुष्टपणा आहे हा. तुम्हाला किती कमी पडले?"

"अठरा सेकंद. तुमाला?"

"एकवीस. एकवीस सेकंदांसाठी माणसाला स्वतःच्या जागेतून काढायचं!"

जिजीने पदर सारखा केला. ती त्यांच्याकडे वळली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"माझ्या हेरंबला नऊच कमी पडले होते," ती म्हणाली. "तिसरा मजला. ड्रॉइंगचा वर्ग. चौदा टेबलं. तुमीच मांडून दिल्याली."

खरवंडीकरांचं तोंड उघडलं. त्यांनी जिजीकडे पाहिलं, मग मान वर करून शर्वरीकडे. आणि बारा वर्षांनी, शेवटी, त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं. सगळं आलं. नाव, कागद, समिती, स्वतःचं ते वाक्य. शर्वरीने ते डोळे भरून पाहून घेतलं. तिला वाटलं होतं त्याहून ते फार लवकर संपलं.

लिफ्ट रिकामी खाली आली. दार उघडलं, जरा वेळ तसंच राहिलं आणि मिटलं. कोचावरची दोन्ही म्हातारी माणसं तिच्याकडे बघत बसली होती.

"चल," जिजी उठत शर्वरीला म्हणाली. "चार ब्लाउज उद्या द्यायचेत. त्या दाराशी मेलं काही दिसत नाही. सुई तुलाच ओवून द्यावी लागंल."

शर्वरीने हात पुढे केला. यावेळी जिजीने तो धरला, आणि दोघी जिजीच्या चालीने बाहेर पडल्या.